मलावीत दोन वर्षं राहायचंय : तिथले लोक, धर्म आणि राहणीमान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही नाशिकचे सिव्हिल इंजिनिअर, पहिलीच परदेशी नोकरी. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या एका प्रकल्पावर मलावीत दोन वर्षांचा करार मिळतोय. आधी काही महिने राजधानी लिलाँग्वेत, मग मांगोची जिल्ह्यात. घरच्यांनी 'जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक' एवढंच वाचलं आणि त्यांच्या पोटात गोळा आला. म्हणून तुम्ही विचारताय की लोक कसे आहेत, धर्म कोणते, राहणीमान कसं, आणि शाकाहारी माणसाचा निभाव लागेल का.

मी जालन्याचा. बोअर आणि हापसे यांच्यातच हयात गेली, त्यातली बरीच वर्षं मलावीच्या मध्य आणि दक्षिण भागात. त्यामुळे जे सांगतो ते हापशाभोवती जमणाऱ्या माणसांकडे बघून झालेलं मत आहे. उत्तरेतल्या चार जिल्ह्यांत मी नुसता फिरलोय, काम केलेलं नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

'लोक कसे आहेत' याला 'हसतमुख, प्रेमळ' असं उत्तर कोणीही देईल. तिथल्या पर्यटन खात्याची जाहिरातही तेच म्हणते आणि त्यात खोटं काही नाही. पण तुम्हाला गावात हापसा बसवून तो चालू ठेवायचाय. त्यासाठी दोन गोष्टी कळायला लागतात : गावात शब्द कोणाचा चालतो, आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात लोकांच्या घरात काय असतं. तुम्ही विचारलेले धर्म, स्वभाव, गरिबी हे सगळं या दोन गोष्टींना लागूनच येतं. त्या क्रमाने नाही, पण सगळ्यावर लिहितो.

आधी देश. आपल्याकडे बऱ्याच जणांना मलावी हे नाव माहीत झालं ते वाशीच्या मार्केटमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात येणाऱ्या 'मलावी हापूस'मुळे. कोकणातून नेलेल्या काड्यांवर तिथे बागा उभ्या राहिल्या, आणि तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्याच्या तोंडाशी येत असल्याने आंबा ऐन थंडीत मिळतो. झांबिया, टांझानिया आणि मोझांबिक यांच्या मध्ये चेपलेली ही एक लांबट पट्टी आहे, क्षेत्रफळ सुमारे १ लाख १८ हजार चौरस किलोमीटर. त्यातला पाचवा हिस्सा पाण्याखाली, कारण पूर्वेकडून जवळपास ५८० किलोमीटर लांबीचं मलावी सरोवर पसरलंय. २०१८ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ७५ लाख भरली, आता ती दोन कोटींच्या पुढे आहे. त्या जनगणनेत चौरस किलोमीटरला १८६ माणसं भरली, शंभरातली चौऱ्याऐंशी खेड्यात. आफ्रिका म्हटलं की ओसाड माळ आणि सिंह डोळ्यांसमोर येतात, तसं इथे नाही. दक्षिणेत रस्त्याने जाताना माणूस दिसला नाही असं मिनिटभरही होत नाही.

समुद्र नाही याचा अर्थ काय, तो नकाशात कळत नाही, बिलात कळतो. डिझेल, खत, पीव्हीसी पाइप, सिमेंटमधला क्लिंकर, औषधं, सगळं मोझांबिकच्या बैरा किंवा नकाला बंदरातून, नाहीतर टांझानियाच्या दार-ए-सलामवरून ट्रकने येतं. भाडं वस्तूच्या किमतीत मुरलेलं असतं. यावर उतारा म्हणून दक्षिण टोकाला शिरे नदीवर न्सांजे इथे अंतर्देशीय बंदर बांधलं गेलं. झांबेझीमार्गे बोटी समुद्रापर्यंत नेण्याची कल्पना होती. २०१० साली राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी थाटात उद्घाटन केलं, पण नदीचा खालचा भाग मोझांबिकचा, आणि त्यांनी बोट पुढे येऊच दिली नाही. धक्का अजून तिथेच आहे. तंबाखू, चहा, साखर विकून जे डॉलर येतात ते कधीच पुरत नाहीत, मग बँकेत परकीय चलन नाही आणि पंपावर डिझेल नाही असे आठवडे येतात. तुमच्या ड्रिलिंगच्या वेळापत्रकात हे धरूनच चाला.

आता मुख्य मुद्दा, वर्षाचं चक्र. पाऊस साधारण नोव्हेंबरअखेर सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शेती जवळजवळ पूर्णपणे पावसावर, एकच पीक, आणि ते म्हणजे पांढरा मका. बहुतेक कुटुंबांकडे हेक्टरभरसुद्धा जमीन नसते. एप्रिल-मेमध्ये कणसं घरात येतात, विणलेल्या कणगीत किंवा पोत्यांत भरली जातात. मे ते ऑगस्ट हा सुगीचा, लग्नांचा, घरं शाकारायचा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात उन्हाचा तडाखा वाढतो, कणगीचा तळ दिसायला लागतो. आणि डिसेंबर ते मार्च, म्हणजे शेतात सर्वांत जास्त कष्ट असतात तेव्हाच घरात सर्वांत कमी खायला असतं. मलेरियाही याच महिन्यांत चढतो, पटकीही याच महिन्यांत पसरते.

या दिवसांत लोक 'गान्यू'ला जातात, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारी. मोबदला पैशात किंवा पायलीभर मक्यात. ऐकायला साधं वाटतं, पण आपल्या शेतात खुरपणी व्हायची तेव्हा माणूस दुसऱ्याच्या शेतात खुरपतो, आणि त्याचं पुढच्या वर्षीचं पीक तिथेच मार खातं. गरिबी पिढ्यान् पिढ्या का हटत नाही याचं मला पटलेलं उत्तर हे आहे. आळस, अज्ञान वगैरे जी उत्तरं शहरात बसून दिली जातात (तिथले आपले भारतीय दुकानदारही देतात), ती देणाऱ्यांना जानेवारीत गावात नेऊन सोडावं.

जानेवारीत गावातल्या गिरणीवर जाऊन बसा. चांगल्या वर्षी बायका मका सडून, कोंडा काढून, भिजवून, वाळवून पांढरंशुभ्र पीठ काढतात. जरा ओढगस्त असेल तर सालासकट दळतात, म्हणजे पीठ जास्त भरतं. आणि वर्ष वाईट असेल तर एरवी कोंबड्या-डुकरांना घालायचा कोंडा, ज्याला ते 'मादेया' म्हणतात, तो माणसांसाठी विकत घेतला जातो. मी अहवालातले आकडे वाचण्याआधी गिरणीवर मादेयाचा भाव विचारतो. २००१-०२ साली मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर २००५-०६ पासून सरकारने खतावर मोठं अनुदान सुरू केलं. काही वर्षं पीक जोरात आलं, मग पुन्हा कधी पाऊस, कधी खताची किंमत. २०२४ मध्ये एल निन्योमुळे मका करपला तेव्हा २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली.

हे एवढं का सांगितलं? कारण तुमचा हापसा याच चक्रात अडकलेला आहे. तिथे बहुतेक ठिकाणी 'आफ्रिदेव' हापसा दिसेल. आपला इंडिया मार्क टू ज्या जालना आणि सोलापूरकडच्या मिशनच्या कार्यशाळांतल्या पंपांवरून पुढे घडला, त्याची घडण वेगळी. त्यात खालचा वॉशर बदलायचा तर लोखंडी पाइप वर ओढावे लागतात, चार-पाच गडी आणि तिपाई लागते. आफ्रिदेवमध्ये पाइप जागेवर ठेवून दट्ट्या वर काढता येतो. यू-सील आणि बॉबिन हे आतले झिजणारे भाग गावातल्या बाईलाही तासाभरात बदलता येतात, आणि मी बदलताना पाहिलंय. ऐंशीच्या दशकात केनिया आणि मलावीत हाच हेतू धरून तो तयार केला गेला. तरीही बंद पडलेले हापसे तुम्हाला जागोजाग दिसतील. सुटा भाग फार महाग नसतो. पण हापशावर सर्वांत जास्त भार येतो सप्टेंबर ते नोव्हेंबर, उघड्या विहिरी आटल्यावर, आणि तो तेव्हाच मोडतो. त्या वेळी घरात रोकड नसते. म्हणून गावच्या पाणी समितीने वर्गणी दरमहा गोळा करावी असं जे पुस्तकात असतं ते मी सोडून दिलं. वर्गणी जून-जुलैत, पीक विकल्यावर, वर्षाची एकदम. ज्याला पैसे जमत नाहीत त्याच्याकडून मका घ्यायचा आणि समितीने तो विकायचा. मांगोचीकडे तूर उशिरा निघते, तिथे ऑगस्ट धरा. सुटे भागही तेव्हाच आणून ठेवायचे. हा पैसा बायका चालवतात त्या बचतगटातच ठेवावा. त्याला तिथे 'बांकी म्खोंडे' म्हणतात, ओसरीवरची बँक. आपल्या भिशीपेक्षा जास्त शिस्तीत चालते.

आता लोक आणि शब्द कोणाचा. चेवा सर्वांत जास्त, जनगणनेप्रमाणे ३४ टक्के. मग लोम्वे १९, याओ १३, न्गोनी १०, टुंबुका ९, आणि सेना, टोंगा वगैरे लहान समाज. मध्य आणि दक्षिणेत चिचेवा भाषा सगळीकडे चालते, उत्तरेत चिटुंबुका. कागदोपत्री इंग्रजी, पण गावात इंग्रजीने काम होईल या भ्रमात राहू नका. जाण्याआधी अभिवादनाची चार वाक्यं पाठ करा. तिथे रामराम-शामराम न करता थेट कामाचं विचारणं हा उद्धटपणा समजला जातो. दारात उभं राहून 'ओडी' म्हणायचं, आतून 'ओडिनी' आलं की मगच पाऊल टाकायचं. मोठ्यांना नावाने हाक नाही. बाईला 'आमायी', पुरुषाला 'आबांबो', म्हाताऱ्या माणसाला 'आगोगो'.

आपल्या डोक्यात बसायला सर्वांत जड जाते ती गोष्ट अशी : चेवा, याओ, लोम्वे यांच्यात घराणं आईकडून चालतं. जमीन आईकडून मुलींना. लग्न झाल्यावर परंपरेने नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. मोडलं, किंवा बायको गेली, तर तो आपलं बोचकं उचलून आईच्या गावी परत. घराण्याच्या वतीने बोलतो तो बाप नसतो, मामा असतो. लग्न ठरवायला मामा, भांडण मिटवायला मामा. उत्तरेतल्या टुंबुकांत आणि मूळ न्गोनींत उलट आहे, तिथे बापाकडून वंश आणि लोबोला, म्हणजे मुलीकडच्यांना गुरं किंवा पैसे द्यायची रीत. पण दक्षिणेत उतरलेले न्गोनी शेजाऱ्यांच्या वळणावर गेलेले आढळतात. शहरात हे सगळं सैल झालंय. तेव्हा कुठल्या गावात काय ते विचारून घ्या, गृहीत धरू नका.

कामात याचा उपयोग असा. पाणी समितीचा खजिनदार म्हणून तुमच्यासमोर चुणचुणीत, इंग्रजी येणारा तिशीतला पुरुष उभा केला जाईल. तो जावई असेल तर उद्या कुठे असेल सांगता येत नाही. गावात मुरलेल्या असतात त्या बायका, कारण जमीन त्यांची. पाणीही त्याच भरतात. म्हणून मी समितीत गावच्या लेकींचं पारडं जड ठेवतो आणि एक-दोन मामांना सल्लागार म्हणून बसवतो. जमीन बायकांची म्हणजे सत्ता बायकांची असं मात्र समजू नका. सभेत बोलतो तो पुरुषच, बायका मागे चटयांवर बसतात, आणि खरा निर्णय सभेआधी त्यांच्यातच झालेला असतो.

यावर गावचा मुखिया, 'म्फुमु'. त्याच्यावर गटाचा मुखिया, त्याच्यावर ट्रॅडिशनल ऑथॉरिटी, ज्याला सगळे टी.ए. म्हणतात. हे पद सरकारमान्य आहे, सरकारकडून मानधन मिळतं, आणि बायकाही या पदावर असतात. देड्झाच्या थेरेसा काचिंदामोटो यांनी आपल्या अधिकारात शेकडो बालविवाह मोडून मुलींना शाळेत परत पाठवलं आणि न ऐकणाऱ्या मुखियांना पदावरून काढलं. कायद्याने लग्नाचं वय १८ आहेच, पण गावात कायद्याआधी मुखियाचा शब्द पोचतो. हापशाची जागा तुमच्या रेझिस्टिव्हिटी सर्व्हेने, म्हणजे जमिनीत वीज सोडून घेतलेल्या पाण्याच्या शोधाने, ठरेल, पण ती जाहीर मुखियाने करायची.

धर्माचं. २०१८ च्या जनगणनेत ख्रिस्ती ७७ टक्के, मुसलमान जवळपास १४ टक्के. ख्रिस्ती म्हणजे एकच चर्च नव्हे. कॅथलिक सर्वांत जास्त, मग सी.सी.ए.पी. हे प्रेस्बिटेरियन चर्च. ते स्कॉटिश आणि डच मिशनांतून उभं राहिलं. स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५९ साली सरोवरापर्यंत पोचला, त्याच्या मागोमाग १८७५ आणि १८७६ मध्ये स्कॉटिश मिशन आली. ब्लांटायर हे सर्वांत मोठ्या व्यापारी शहराचं नावच मुळी लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावाचं. शाळा आणि दवाखाने मिशननी काढले, आजही त्यांतले खूपसे चर्चच्याच हातात आहेत. याशिवाय अ‍ॅडव्हेंटिस्ट, पेंटेकोस्टल, झायन, आणि झाडाखाली भरणारी असंख्य लहान चर्चं.

इस्लाम मिशनच्या आधीचा. याओ लोक हस्तिदंत आणि गुलामांच्या व्यापारात हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिली-अरबांशी जोडलेले होते, एकोणिसाव्या शतकात त्यांच्या मुखियांनी इस्लाम स्वीकारला. म्हणून तुमचा मांगोची जिल्हा मुस्लिमबहुल. पुढे शाळा मिशनच्या असल्याने मुलं ख्रिस्ती होतील या भीतीने पुष्कळ याओ कुटुंबांनी त्यांना शाळेत घातलं नाही, आणि त्या मागासलेपणाची झळ जिल्ह्याला अजून आहे. गंमत म्हणजे धर्म इस्लाम, पण जमीन आईकडूनच. वारसाहक्काचे शरियतीतले वाटे जमिनीला सहसा लागत नाहीत.

दोन धर्मांत तणाव आहे का? रोजच्या जगण्यात मला फार कमी जाणवला. एकाच घराण्यात मुसलमान मामा आणि कॅथलिक भाचा सर्रास. ख्रिस्तीबहुल देशाने १९९४ साली बाकिली मुलुझी या याओ मुसलमानाला राष्ट्राध्यक्ष निवडलं आणि २०२० साली लाझारस चाक्वेरा या पाद्र्याला. १९९२ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या एकपक्षीय राजवटीला पहिला उघड धक्का दिला तो कॅथलिक बिशपांच्या एका पत्राने, चर्चमध्ये वाचून दाखवलेल्या. त्याच बांडांनी पक्षाचं कार्ड घ्यायला नकार देणाऱ्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथावर १९६७ पासून बंदी घातली होती, त्यांचा अतोनात छळ झाला. म्हणजे सगळं गुण्यागोविंदाचं होतं असं नाही. मिशन शाळेत हिजाब घालू द्यायचा का, यावरून अलीकडेही वाद पेटलेले आहेत. तुम्ही त्यात मत देऊ नका.

कामापुरतं एवढं लक्षात ठेवा : शुक्रवारी दुपारी मुसलमान गावात सभा नको. शनिवारी अ‍ॅडव्हेंटिस्ट येणार नाहीत, आणि ते मलावीत थोडेथोडके नाहीत. रविवारी कोणीच नाही. रमजानात ड्रिलिंगच्या गड्यांकडून भर दुपारी काम नको. सभा प्रार्थनेने सुरू होते. मिश्र गावात सुरुवातीला एका धर्माची, शेवटी दुसऱ्याची. तुमचा धर्म विचारतीलच. हिंदू म्हणून सांगा, कोणाला काही वाटत नाही. फक्त 'देव मानत नाही' म्हणालात तर मात्र चेहरे पडतात.

आणि धर्माच्या खाली जुनं सगळं जिवंत आहे. चेवांची न्याउ नावाची गुप्त संघटना आहे, मुखवटे घालून नाचतात तो 'गुले वाम्कुलु', युनेस्कोच्या यादीत असलेला. अंत्यविधीला आणि मोठ्या प्रसंगाला. मुखवट्यातली व्यक्ती त्या वेळी माणूस नसते, पितर किंवा प्राणी असते. रस्त्यात गाठ पडली तर गाडी थांबवा, फोटो काढू नका, आत कोण आहे असं कधीही विचारू नका. याओंत मुलामुलींच्या वयात येण्याचे विधी शाळेच्या मोठ्या सुट्टीत, जुलै ते सप्टेंबरात होतात. तेव्हा गावं उत्सवात असतात, काम मंद चालतं.

करणी-चेटकावरचा विश्वास शिकलेल्यांतही आहे. त्याची काळी बाजूही सांगायला हवी. चेटकीण ठरवून म्हाताऱ्यांना मारहाण होते, आणि अंगात कोड नव्हे तर जन्मतः वर्ण नसलेल्या, म्हणजे अल्बिनो माणसांवर हल्ले झालेले आहेत, खूनही. २०१७ मध्ये दक्षिणेत मुलांजे-फालोंबेकडे 'रक्त शोषणारे फिरतात' अशी अफवा उठली, जमावाने माणसं मारली, आणि संयुक्त राष्ट्रांना आपले कर्मचारी काही भागांतून मागे घ्यावे लागले. रात्री अनोळखी गाडी आणि अनोळखी उपकरणं ही अशा वेळी धोक्याची. म्हणून नियम : मुखियाला आधी कळवल्याशिवाय गावात सर्व्हेला जायचं नाही, आणि अंधार पडायच्या आत परतायचं. यंत्र काय करतं ते मुलांना जवळ बोलावून दाखवायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

'मालिरो', म्हणजे मयत. हे वेगळं लिहितोय कारण नव्या इंजिनिअरला याचाच सर्वांत जास्त त्रास होतो. गावात कोणी गेलं की शेती, सभा, ड्रिलिंग, सगळं बंद. पुरुष बाहेर जमिनीवर, बायका आत प्रेताजवळ रात्रभर गात बसतात. प्रत्येक घरातून पीठ आणि सरपण येतं, ठरलेल्या नात्यातली पोरं कबर खणतात. दफनभूमीतली झाडं कोणी तोडत नाही, म्हणून उघड्याबोडक्या डोंगराखाली अचानक गर्द राई दिसली तर ती बहुधा दफनभूमी असते. तुमचा ड्रिलर मयतीला गेला म्हणून चिडू नका. तुम्हीही जा, खाली बसा, चार पैसे ठेवा. मयतीला न येणारा माणूस गावाच्या हिशेबात आपला नसतो, मग त्याने कितीही हापसे बसवलेले असोत.

एवढ्यावर थोडक्यात : मोठं काम सुगीनंतर, पैसे जून ते ऑगस्टात, समितीत गावच्या लेकी, जाहीर करणारा मुखिया, आणि मयतीला हजेरी. आता तुमच्या स्वतःच्या राहण्याचं.

लिलाँग्वेत 'एरिया' असे नंबर असतात. एरिया तीन, दहा, सत्तेचाळीस अशा भागांत कुंपण, राखणदार, बाग असलेली बंगलीवजा घरं. भाडं ऐकून चकित व्हाल. एकूण जगणं स्वस्त नाही, कारण दुकानातलं बरंचसं दक्षिण आफ्रिकेहून आलेलं. वीज बहुतांशी शिरे नदीवरच्या जलविद्युत केंद्रांची, ती गाळाने, वादळाने अडते. २०२२ च्या जानेवारीत आना वादळाने कापिचिराचं धरण फोडलं तेव्हा देशातल्या विजेचा मोठा हिस्साच गेला. इन्व्हर्टर आणि पाण्याची टाकी बघूनच घर घ्या. शहर हजार मीटर उंचीवर आहे, जून-जुलैत स्वेटर लागतो. मांगोची खाली सरोवराजवळ, तिथे ऑक्टोबर आपल्या विदर्भातल्या मेसारखा. चोऱ्या होतात, पण जिवाचा मोठा धोका म्हणाल तर तो रात्रीचा रस्ता : बिनदिव्याच्या सायकली, चालणारी माणसं, बंद पडलेले ट्रक. अंधारात गाडी चालवायचीच नाही.

आजार. मलेरिया तिथे बाराही महिने आहे आणि मेंदूत जाणाऱ्या प्रकारचा आहे. मच्छरदाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी तपासणी. सुट्टीवर नाशकात आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना 'आफ्रिकेतून आलोय' हे पहिल्या वाक्यात सांगा. सरोवरात पोहलात तर बिलहार्झियाचं, म्हणजे पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या जंतांवरचं, औषध घ्यावं लागेल, तिथल्या कुठल्याही डॉक्टरला माहीत असतं. २०२२-२३ मध्ये देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी पटकीची साथ आली, सुमारे ५९ हजार रुग्ण आणि १,७०० च्या वर मृत्यू. आपल्या कामाचं मोल त्या वर्षी सगळ्यांना कळलं. त्याच काळात, मार्च २०२३ मध्ये, फ्रेडी चक्रीवादळाने ब्लांटायरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या गाडल्या. एचआयव्हीचं प्रमाण जास्त आहे, पण सर्व बाधित गरोदर बायकांना आयुष्यभर औषध द्यायचं धोरण २०११ साली या गरीब देशाने जगात आधी राबवलं, आणि हजारो लेकरं त्यामुळे वाचली. हे सगळं परदेशी मदतीवर चालतं, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने हात आखडता घेतल्यापासून ओढाताण आहे. सरकारी दवाखान्यात औषध नसणं हे नेहमीचंच, त्यामुळे तुमची लागणारी औषधं बरोबर न्या.

भारतीय लोक आहेत, पिढ्यान् पिढ्या, बहुतेक गुजराती, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्यांना 'आम्वेन्ये' म्हणतात. बांडांनी सत्तरच्या दशकात त्यांना खेड्यातून उठवून ब्लांटायर, लिलाँग्वे, झोम्बा अशा शहरांपुरतं बांधून टाकलं, म्हणून तुम्हाला किराणा, मसाले, देऊळ, सगळं शहरात मिळेल आणि मांगोचीच्या आत खेड्यात फारसं नाही. आपल्याबद्दलचं मत तिथे सरळ चांगलं नाही. मालक म्हणून कडक, पगार कमी, घरी जेवायला बोलावत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते, आणि ती निराधार नाही. २०१८ मध्ये ब्लांटायरला गांधींचा पुतळा उभारायला विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. तुम्ही ड्रायव्हरबरोबर एका ताटाशी बसून जेवलात तर याची निम्मी भरपाई तिथेच होते.

आणि जेवण. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, उलट गावातलं रोजचं जेवण आपोआपच बहुतेक शाकाहारी असतं, कारण मासळी-मटण परवडत नाही. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, पाण्यात बुडवलेल्या लाकडी पळीने गोळे ताटात घालतात. जेवणाआधी कोणीतरी तांब्याने सगळ्यांच्या हातांवर पाणी घालतं. सोबत 'न्दिवो', कालवण : भोपळ्याची पानं दाण्याच्या कुटात शिजवलेली, मोहरीचा पाला, माठ, घेवडा. भोपळ्याच्या पानांची ती भाजी मराठी जिभेला पहिल्याच घासाला आवडते. तूर दक्षिणेत भरपूर पिकते आणि भारत ती विकत घेतो, आपल्या वरणात मलावीची डाळ असण्याची शक्यता बरीच आहे. एकच सांभाळा : 'मांस नाही' म्हटल्यावर उसिपा, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, भाजीत येऊ शकते, कारण ती मांसात धरत नाहीत. नावानिशी नको म्हणून सांगा. हिंग, मसाले आणि प्रेशर कुकर घेऊन जा.

शेवटी करार. पगार क्वाचात, म्हणजे तिथल्या चलनात, आहे की डॉलरमध्ये ते बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात डॉलरचा अधिकृत भाव सुमारे १,१८० वरून १,७०० क्वाचांवर गेला, आणि क्वाचात पगार घेणाऱ्यांचे हाल झाले. घरभाडं कोण देणार, गाडी आणि चालक कोणाचा, गंभीर आजारात दक्षिण आफ्रिकेला हलवायची सोय विम्यात आहे का, हे तिन्ही लेखी घ्या. प्रवास अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराच्या लशीचं कार्ड काढूनच निघा. आणि मांगोचीत तुमची गावं कुठल्या टी.ए.च्या हद्दीत येतात ते कळलं की इथेच लिहा. सरोवराच्या काठाने काही पट्ट्यांत बोअरचं पाणी खारं लागतं, ड्रिलिंगची खोली ठरवायच्या आधी त्यावर बोलू.